सातवा स्पूल

तपकीर गल्लीतलं माझं दुकान
दीड माणसाचं. एक गिऱ्हाईक, अर्धा मी.
स्पूल वाजवणारं यंत्र या शहरात
माझ्याकडं एक, आणि भंगारात असतील तेवढी.
वैजू थोपटे आली तेव्हा पिशवीत नऊ स्पूल,
बुरशीनं पांढरे,
होनप सरांच्या माळ्यावरून उतरवलेले.
डब्यावर सरांचं अक्षर:
बेट. पहाट. वारा फार.

पक्षी म्हणे चिमणीहून लहान,
पाठ शेवाळी, गळ्याला हळदीचं बोट पुसल्यासारखं.
साऱ्या जगात एका बेटावर.
बेट केवढं? तर म्हणाली,
पर्वतीवरून निघा, सारसबागेपाशी समुद्र.
बोटींतून उंदीर उतरले.
उंदरांना घरटी वाचता येतात.
आता अकरा उरलेत. त्यांत नर चार,
आणि चारांनाही गाता येत नाही.

असं कसं?
"गाणं रक्तातून नाही येत त्यांच्यात, काका.
बापाच्या तोंडून कानात यावं लागतं.
ही पिंजऱ्यात वाढलेली पोरं. नुसती चिवचिवतात.
माद्या ऐकतात, आणि बहुतेक
दुसऱ्या फांदीवर जाऊन बसतात.
यंदा तीन अंडी उबतायत.
ती फुटायच्या आत हवंय."

मी पट्टा बदलला. हेड स्पिरिटनं पुसलं.
फितींना तीन दिवस ऊब दिली,
बाळंतिणीच्या खोलीला देतात तशी.
सहा स्पुलांवर नुसता समुद्र.
सातव्यावर,
खाली टेम्पोवाला आणि हमाल भांडत असताना,
तो बोलला.

कसा, ते नाही सांगता यायचं.
आयुष्यभर आवाज दुरुस्त केले, वर्णन कधी केलं नाही.
एक सूर चढतो, थबकतो
जिन्यात किल्ली विसरल्याचं आठवावं तसा,
मागं फिरतो, आणि मग
तीन पायऱ्या एकदम.
त्रेचाळीस सेकंद.
आणि शेवटच्या सुराला अगदी चिकटून
सर खाकरले.

मूळ फीत दोनदाच वाजली. मग तिचा मसाला गळाला.
हातात नक्कल राहिली.
वैजू म्हणाली, माणसाचं सगळं काढा.
काढलं. नावाडी काढला, पडलेला डबा काढला,
सर पुढं काही बोलले होते, तेही.
खाकरणं निघेना. कापावं तर सूर जात होता.
ज्या गावात मुरकी अर्धी राहिली तर
पुढच्या रांगेतून च्यक् ऐकू येतं,
तिथं मी सूर कापणार?
ठेवलं.

सव्वा वर्षानं वैजूचा फोन. ऐका म्हणाली.
तीन अंड्यांतला एक, आता मोकळा सोडलेला:
चढला, थबकला, किल्ली घेऊन आला,
तीन पायऱ्या,
आणि शेवटी, बारीक,
ख्र्हं.
ती हसत होती की काय, फोनवर कळेना.
मादी? मी विचारलं.
"बसून राहिली, काका. उडाली नाही.
अजून एवढंच."

होनपबाई सहकारनगरला असतात.
त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं,
ऐकलं, म्हणाल्या, पुन्हा लावा.
पुन्हा लावलं.
"मफलर दिला होता मी बॅगेत.
घातला नसणार."

बशीत दोन वड्या ठेवल्या. मी उठलो
तेव्हा पाठमोऱ्याच, ओटा पुसत:
"नंतर काही बोलले का हो?"

कापलेल्या फिती मी टाकत नाही.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत असतात,
बोटभर, वीतभर,
कुणाची कुठली ते न लिहिलेल्या.
असे डबे चौदा.
रविवार होता, गल्ली बंद.
शटर गुडघ्याएवढं वर केलं,
वाकून आत शिरलो,
आणि पहिला डबा खाली घेतला.